कल्याणची प्यूजो आणि तिचं रॅलीतलं घराणं

(दृश्य : कल्याण-शीळ रस्ता, सकाळची गर्दी. डंपर, रिक्षा, मेट्रोचं काम.)

डोंबिवलीत या रस्त्यावर रिक्षावाल्याला नुसतं ‘प्रीमियर कॉलनी’ म्हटलं तरी तो मान हलवतो. नव्वदच्या दशकात ठाणे जिल्ह्याच्या याच पट्ट्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि फ्रान्सची प्यूजो यांनी मिळून एक गाडी काढली. प्यूजो ३०९. पाच दारांची, साध्या चेहऱ्याची, मुलाबाळांना घेऊन गावी जायची गाडी. पेट्रोलमध्ये १.४ लिटर, डिझेलमध्ये १.५.

भागीदारी टिकली नाही. दशक संपायच्या आत उत्पादन थांबलं आणि प्यूजो देशातून गेली. डिझेल इंजिन मात्र मागे राहिलं. मारुतीच्या झेन आणि एस्टीमच्या डिझेल गाड्यांना प्यूजोचंच १.५ लिटरचं इंजिन होतं. वागळे इस्टेटमधल्या जुन्या मिस्त्रींच्या हाताखालून ते कितीदा तरी गेलंय.

पण कल्याणची ही गाडी ज्या घराण्यात जन्मली, त्या घराण्याची खरी ओळख आपल्याकडे कुणी करूनच दिली नाही. ती आज करून द्यायची आहे.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. आफ्रिकेतला लाल चिखल, प्यूजो ४०४.)

सुरुवात आफ्रिकेत. सफारी रॅली म्हणजे हजारो किलोमीटरची धूळ, नाहीतर गुडघाभर चिखल. १९६३ मध्ये शेवटपर्यंत पोचल्या त्या फक्त ७ गाड्या. १९६८ मध्येही फक्त ७. दोन्ही वेळा पहिली आलेली गाडी प्यूजो ४०४ आणि दोन्ही वेळा चालक एकच, निक नोविकी. पुढे १९७५ आणि १९७८ मध्ये प्यूजो ५०४ ने सफारी जिंकली. या गाड्या वेगापेक्षा टिकण्यासाठी नावाजलेल्या होत्या.

मग आला जाँ टॉड. हा माणूस स्वतः नॅव्हिगेटर. आयुष्यातली उमेदीची वर्षं त्याने चालकाच्या शेजारच्या सीटवर, मांडीवर वही घेऊन काढलेली. १९८१ मध्ये टॅल्बोट कंपनीने उत्पादकांचं जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हाही तो त्याच सीटवर होता. टॅल्बोट तोवर प्यूजोच्या छत्राखाली आली होती. प्यूजोने आपल्या रॅली विभागाची सूत्रं त्याच्याकडे दिली. आणि आपल्या कल्याणच्या गाडीचं मूळ तरी कुठलं? ३०९ आधी टॅल्बोट म्हणूनच बाजारात यायची होती. आयत्या वेळी नाव बदललं. तिचा पाया आणि दारं मात्र प्यूजो २०५ ची.

ही २०५ म्हणजे युरोपातली घराघरातली छोटी गाडी. पन्नास लाखांहून अधिक बनल्या. टॉडने रॅलीसाठी निवडली ती हीच.

(दृश्य : २०५ टर्बो १६, मागचा भाग उघडलेला.)

इथे जरा थांबून बघू. गाडीचा मागचा अख्खा भाग डब्याच्या झाकणासारखा वर उचलला जातो. जिथे पोरांनी बसायचं, तिथे इंजिन. आडवं ठेवलेलं, सोळा व्हॉल्व्हचं, टर्बो लावलेलं. चारही चाकांना ताकद. बाहेरून बघाल तर पुढची काच, दारं, दिवे तेच, बाजारातल्या २०५ चे. आत जवळजवळ काहीच तेच नाही.

आणि इंजिन १७७५ सीसीचंच का? यात खरी हुशारी आहे. टर्बो असेल तर नियमाप्रमाणे सीसीला १.४ ने गुणायचं. १७७५ गुणिले १.४ म्हणजे २४८५. मर्यादा २५०० ची. जेवढं मोठं इंजिन बसवता येईल तेवढं बसवलं आणि वजनाच्या हलक्या गटातच राहिले. शिवाय या इंजिनाचा ब्लॉक प्यूजोच्या डिझेल कुळातून घेतलेला. ओतीव लोखंडाचा, दणकट, टर्बोचा दाब सोसणारा.

त्या वेळी ऑडी क्वाट्रोचा दरारा होता. फोर व्हील ड्राइव्हने रॅली जिंकता येते हे तिनेच दाखवलं. पण तिचं इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे. वळणावर नाक जड होऊन गाडी बाहेर ओढली जायची. प्यूजोने वजन मध्यभागी आणलं.

नियमाप्रमाणे रस्त्यावर चालवण्याजोग्या २०० गाड्या बनवणं भाग होतं. त्या बनवल्या. मे १९८४ मध्ये टर्बो १६ कॉर्सिकाच्या रॅलीत उतरली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिनलंडमध्ये जिंकली. चालक आरी वाटानेन.

(दृश्य : घोडबंदर रस्ता, गायमुखचा घाट, गाडीच्या काचेतून.)

आता वाटानेनच्या शेजारच्या माणसाबद्दल. गायमुखचा घाट ठाणेकरांच्या पायाखालचा. समजा तो रात्री, बर्फ पडलेला असताना, पुढचं काहीही दिसत नसताना उतरायचा आहे, तेही पूर्ण वेगात. कसा उतराल? रॅलीत आधी रेकी होते. दोघं सावकाश रस्ता बघून घेतात आणि प्रत्येक वळण वहीत उतरवतात. हीच पेसनोट. मग प्रत्यक्ष स्टेजवर, म्हणजे शर्यतीच्या टप्प्यावर, नॅव्हिगेटर वाचत जातो : “उजवं चार, शंभर मीटर, चढावरून सरळ, डावं दोन, आत कापू नको.” आकडा वळणाची धार सांगतो. चालक वळण दिसायच्या आधीच गाडी वळवायला घेतो. डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त. आमच्या मते रॅलीतली सर्वांत अवघड नोकरी त्या दुसऱ्या सीटवरची आहे.

आणि त्याच्याकडे अजून एक जोखीम असते, घड्याळ. टाइम कंट्रोलवर, म्हणजे कार्डावर वेळ नोंदवायच्या नाक्यावर, उशिरा पोचलात तर दंड, लवकर नोंद केलीत तर त्याहून मोठा दंड. १९८५ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत वाटानेन आघाडीवर असताना त्याचा नॅव्हिगेटर टेरी हॅरीमन याने चार मिनिटं आधीच कार्ड दिलं. दंड आठ मिनिटं. जिथे निकाल सेकंदांवर लागतात तिथे आठ मिनिटं म्हणजे खेळ खलास. वाटानेनने ती भरून काढली. पुढे ऑडीत वॉल्टर रोर्ल होता, बर्फावरचा त्या काळचा बहुधा सर्वोत्तम चालक. त्याला गाठून, मागे टाकून वाटानेनने ती रॅली पाच मिनिटांहून अधिक फरकाने जिंकली. हॅरीमन त्याच सीटवर, तीच वही वाचत. असा विश्वास दुर्मीळच.

त्याच वर्षी अर्जेंटिनात वाटानेनचा भीषण अपघात झाला. गाडी उलटत गेली, त्याची सीट तुटली, जीव जेमतेम वाचला. विजेतेपद त्याचा सहकारी टिमो सालोनेनकडे गेलं. जाड भिंगांचा चष्मा लावणारा हा माणूस खेळाडू वाटायचाच नाही.

१९८६ मध्ये युहा कांकुनेन प्यूजोतून जगज्जेता झाला. पण ते वर्ष मृत्यूंचं ठरलं. पोर्तुगालमध्ये गाडी गर्दीत घुसली, प्रेक्षक दगावले. मे महिन्यात कॉर्सिकात लान्चियाचा हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा नॅव्हिगेटर सर्जिओ क्रेस्टो जळून गेले. या सगळ्या भन्नाट गाड्यांचा नियमांतला गट, ग्रुप बी, वर्षअखेरीस बंद झाला. तो बंद व्हायलाच हवा होता. गाड्या माणसांच्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या आणि लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्या बघत होते.

(दृश्य : वाळवंट, धुळीचा लोट.)

टॉडने गाड्या वाळवंटात नेल्या. जानेवारी १९८७, पॅरिस-डाकार. बरा होऊन परतलेला वाटानेन पहिल्याच टप्प्यावर धडकला, क्रमवारीत पार तळाला गेला आणि तिथून वर चढत रॅली जिंकला. १९८८ मध्ये तो आघाडीवर असताना मालीतल्या बामाकोमध्ये त्याची ४०५ चोरीला गेली! गाडी सापडली, पण तो बाद ठरला. जिंकली ती प्यूजोच. कांकुनेनच्या हाती जुनी २०५ होती. १९८९ मध्ये वाटानेन आणि जॅकी इक्स, दोघं एकाच संघाचे, एकमेकांवर इतके तुटून पडले की दोन्ही गाड्या जातील अशी भीती. टॉडने नाणं उडवलं. कौल वाटानेनच्या बाजूने लागला.

(दृश्य : प्यूजो २०६, बर्फाचा रस्ता.)

प्यूजो जागतिक रॅलीत परतली ती २०६ घेऊन, आणि इथे गंमत उलटी झाली. नियम सांगत होता, मूळ गाडी किमान चार मीटर लांब हवी. २०६ त्याहून आखूड. मग प्यूजोने लांब बंपर लावलेली २०६ ची एक खास आवृत्ती काढली आणि तशा ४००० गाड्या शोरूममधून विकल्या. त्यावर बनलेल्या रॅली गाडीने २०००, २००१ आणि २००२, सलग तीन वर्षं उत्पादकांचं विजेतेपद आणलं. मार्कस ग्रोनहोम त्यातल्या दोन वर्षी जगज्जेता झाला. आणि त्या ४००० ग्राहकांच्या दारात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे ते लांब बंपर केवळ त्याच्या रॅलीसाठी होते.