दोन चेंडूंच्या मधला वेळ

नमस्कार मंडळी. परदेशातल्या आपल्या मंडळाचा मेळावा यंदा मडगावात, म्हणजे क्रिकेटपटू दिलीप सरदेसाईंच्या जन्मगावी भरला आहे. सुरुवात त्यांच्यापासूनच करू.

1971, वेस्ट इंडीजविरुद्धची किंग्स्टन कसोटी. पहिला दिवस पावसात गेला आणि खेळ सुरू झाल्यावर आपली अवस्था 5 बाद 75. तिथून सरदेसाईंनी सोलकरबरोबर 137 आणि प्रसन्नांबरोबर 122 धावांची भागीदारी केली. स्वतःच्या 212. भारत 387, वेस्ट इंडीज 217. आघाडी 170 ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी, म्हणजे मागे पडलेल्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावण्यासाठी, 200 ची आघाडी लागते, पण पहिला दिवसच वाया गेला की सामना चार दिवसांचा धरतात आणि 150 पुरतात. कर्णधार अजित वाडेकरांना हे पक्कं ठाऊक होतं. ते थेट वेस्ट इंडीजचे कर्णधार सोबर्स यांना जाऊन सांगून आले, पुन्हा फलंदाजी करा! सामना अनिर्णित राहिला, पण पुढची कसोटी आणि मालिकाही आपण जिंकली. नेतृत्वाचा मोठा भाग हाच असतो असं मला मनापासून वाटतं: ऐन वेळी लागणारी गोष्ट आधीच माहीत असणं.

आता तुमच्यातल्या, तिकडे मुलांना खेळायला शिकवणाऱ्यांसाठी. ‘दिवसभर लक्ष दे’ असं मुलाला कृपा करून सांगू नका. 90 षटकं म्हणजे 540 चेंडू. एवढा वेळ डोकं ताणून ठेवलं तर चहापानानंतर पाय हलेनासे होतात आणि बॅट शरीरापासून लांब जाते. चेंडू झाला की स्क्वेअर लेगकडे, म्हणजे खेळपट्टीपासून बाजूला, चार पावलं चालायचं, नजर लांब टाकायची, श्वास सावकाश सोडायचा. आमच्या गोव्याच्या दमट हवेत इथेच ग्लोव्ह्ज सैल करून तळवे पुसायचे, नाहीतर खालच्या हाताची पकड नकळत आवळते आणि फटका हवेत जातो. मग गार्ड, म्हणजे स्टंपसमोर बॅटची जागा धरायची, क्षेत्ररक्षणावर एक नजर, आणि गोलंदाज धावू लागला की फक्त त्याच्या हातातला चेंडू. वेगवान चेंडू अर्ध्या सेकंदात पोचतो. तेवढ्यात मागच्या चुकीला जागा नाही.

कर्णधार झालेल्या मुलालाही शब्द शिकवावे लागतात. ‘वाइड टाकू नकोस’ म्हटलं की गोलंदाजाच्या डोक्यात वाइडच घोळतो. ‘ऑफ स्टंपचं टोक बघ’ म्हणावं. चौकार गेला की लगेच तिथे माणूस धाडण्याचा मोह होतो. आधी गोलंदाजाला विचारावं, चेंडू हवा तिथे पडला होता का? पडला असेल, तर कुणालाही हलवायचं नाही.