या गुरुवारी काय सापडलं?

श्रोतेहो, नमस्कार.

दर गुरुवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला माझा फोन चारदा वाजतो. चार माणसं, चार गाणी. पाचवं मी पाठवलेलं असतं. नियम एवढाच की त्या आठवड्यात आपण आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेलं एकच गाणं पाठवायचं आणि सोबत एक वाक्य लिहायचं, कान कुठं द्यायचा ते. गाणं कालचं असो नाहीतर शंभर वर्षांपूर्वीचं. पाठवणाऱ्याला ते नवं असलं म्हणजे झालं.

या पाचांत गवई एकही नाही. मी कोल्हापुरात एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. वहिनीचं पोळी-भाजी केंद्र आहे. एक मित्र विहिरीवरच्या जळालेल्या मोटरींचं रिवायंडिंग करतो. काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, त्यांच्याकडे जुन्या तबकड्यांच्या दोन ट्रंका आहेत. आणि भाची शिकायला लिस्बनला आहे. तिथं घड्याळ आपल्या मागं असतं, त्यामुळे तिचं गाणं कधी कधी आम्ही झोपल्यावर येतं.

सुरुवातीला हा नियम नव्हता. पहिल्या आठवड्यात मी उत्साहाच्या भरात सात गाणी पाठवली. सातही ऐकलेला माणूस एकही निघाला नाही. काका तर म्हणाले, "अरे, तिकीट एकाचं काढलंस आणि सात माणसं गाडीत कोंबलीस." तेव्हापासून एक आठवडा, एक गाणं.

आता तुम्ही म्हणाल, गाणी एकमेकांना ऐकवणं यात नवीन ते काय? रेडिओ दुसरं काय करत आला? बरोबर आहे. पण जरा आठवून बघा. 'आपली आवड' ऐकताना आपण कशाची वाट बघायचो? माहीत असलेल्या गाण्याची. झारखंडातल्या झुमरीतिलैया गावाचं नाव सगळ्या देशाला ठाऊक झालं ते तिथल्या लोकांनी पाठवलेल्या फर्माइशींमुळं, आणि फर्माईश नेहमी ऐकलेल्याच गाण्याची असते. न ऐकलेल्याची फर्माईश करायची कशी?

काकांचं म्हणणं थोडं वेगळं. त्यांच्या लहानपणी बुधवारी रात्री आठला शेजारच्या वाड्यात माणसं जमायची. रेडिओ सिलोन, अमीन सायानी, बिनाका गीतमाला. १९५२ साली सुरू झालेला तो सिनेगीतांचा कार्यक्रम. त्या काळात नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडे होतं. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर भक्त. सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपारच झाली, आणि लोक सरळ सिलोनकडे वळले. अखेर १९५७ मध्ये विविध भारती निघाली. काका सांगतात, "बुधवारी नवं गाणं कुठल्या पायदानावर, म्हणजे कितव्या नंबरावर येतंय, यावर आमच्यात पैजा लागायच्या." गाण्यापेक्षा ती आठवडाभराची वाट बघणं त्यांना जास्त आठवतं असा माझा संशय आहे. आमचा गुरुवार त्या बुधवाराचाच धाकटा भाऊ म्हणायचा.

तर काकांचं पहिलं गाणं. केसरबाई केरकर, भैरवी, 'जात कहाँ हो'. मी लगेच हरकत घेतली. केसरबाई नव्या कशा? गोव्यातल्या केरीत जन्मलेल्या, आपल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. आपल्या म्हणजे कोल्हापूरच्या, शाहू महाराजांच्या दरबारातल्या. इथं देवल क्लब या जुन्या संगीत संस्थेच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही ही नावं पाठ असतात. काकांनी शांतपणे विचारलं, "नाव पाठ आहे. गाणं ऐकलंयस का?"

नव्हतं ऐकलं. पंचावन्न वर्षं कोल्हापुरात काढली, केसरबाईंबद्दल दहा लेखांची मुद्रितं तपासली, 'सूरश्री' या त्यांच्या किताबातला दीर्घ ऊकार दहादा सांभाळला, आणि त्या बाईंचा आवाज एकदाही कानावर पडलेला नव्हता. तुमच्याकडेही अशी नावं असतील, बघा. आदरानं घेतो, ऐकत मात्र नाही.

काकांचं वाक्य होतं, 'बाई श्वास कुठं घेते ते सांगा.' गाणं साडेतीन मिनिटांचं. जुन्या तबकडीची एक बाजू तेवढीच चालायची, तासाभराचा पसारा तेवढ्यात बसवावा लागे. मी रात्री दिवा मालवून ऐकलं. आवाज रुंद, भरघोस, बायकांच्या गाण्यात आपल्याला सवय झालेल्या पट्टीपेक्षा बराच खालचा. कुठं लाडिकपणा नाही. आणि श्वास? तीनदा ऐकून मला दोनच जागा सापडल्या. मोटरवाल्या मित्राला चार सापडल्या, त्यातली एक तबकडीची खरखर निघाली.

हेच गाणं १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गेलं. जगभरातल्या सत्तावीस तुकड्यांत भारताचा हा एकच. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. ते यान आज चोवीसशे कोटी किलोमीटरच्याही पलीकडे आहे. काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं, ही माहिती भाचीनं नंतर कळवली. काका म्हणाले, "एवढ्या लांबचा रूट? मग डबल ड्यूटी लागणार."

पुढच्या गुरुवारी मित्रानं जे पाठवलं, त्यानं मात्र आमचा पंधरवडा खाल्ला. मालीचा अली फर्का तुरे. माली म्हणजे पश्चिम आफ्रिका. टिंबक्टू हे नाव आपण 'कुठल्या कुठं' या अर्थानं वापरतो, ते खरंखुरं शहर त्याच देशात आहे. हा माणूस नायजर नदीकाठच्या निआफुंके नावाच्या गावचा. गिटार वाजवायचा, गायचा. अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबर केलेल्या, १९९४ साली निघालेल्या 'टॉकिंग टिंबक्टू' या संग्रहाला ग्रॅमी मिळालं. पण स्वतःला तो शेतकरी म्हणवायचा आणि होताही. पुढचा एक संग्रह तर त्यानं आपल्या गावातच ध्वनिमुद्रित केला, १९९९ मध्ये तो निघाला, नाव गावाचंच. २००४ साली गावानं त्याला नगराध्यक्ष केलं. २००६ मध्ये तो गेला.

मित्राच्या दुकानात कधी गेलात तर बसायला जागा मिळणार नाही. जमिनीवर तांब्याच्या तारेची रिळं, भिंतीला टेकून ठेवलेल्या स्टेटर, वार्निशचा वास. गाणं चालू असतं ते बाकावरच्या मोबाईलमधून, आणि वर टेस्टिंगला लावलेल्या मोटरची घूं. त्याचं वाक्य होतं, 'भावा, मोटर ऐक.' मला काही कळेना. दुकानात गेलो तेव्हा त्यानं दाखवलं. मोटरच्या पाटीवर १४४० लिहिलेलं असतं, मिनिटाचे फेरे. नीट भरलेली मोटर एकदा चौदाशे चाळीसला लागली की तिचा आवाज बदलत नाही, आणि बदलला तर समजायचं कुठंतरी बेअरिंग गेलंय. "ह्या गड्याच्या गिटारची खालची तार तशी लागलीया बघ. वर काय बी करंना, खाली घूं हललं न्हाई."

आणि खरंच की. खालच्या तारेवर एकच फिरतं वळण, तेच तेच, आणि वर पाच-सहा सुरांत माणूस गातोय. माझ्या कानाला धानी रागाच्या शेजारचं काहीतरी वाटलं. ते बरोबर की चूक ते जाणकारांनी सांगावं. पण वहिनीला एकतारीवरचं भजन आठवलं आणि ते मला जास्त पटलं. तिकडं न्जार्का नावाचं एका तारेचं वाद्य असतं, गजानं वाजवायचं. तेही अली फर्का वाजवायचा. ठेक्याला अर्धा कापलेला मोठा भोपळा, पालथा घालून हातानं बडवलेला. भोपळा म्हटल्यावर मित्र उठलाच. आपल्या मिरजेला सतारीचे, तंबोऱ्याचे तुंबे होतात ते पंढरपूरकडच्या भोपळ्यांचे. पुढच्या रविवारी तो कुणाची तरी मोटर पोचवायला मिरजेला गेला आणि सतारमेकर गल्लीत एका कारागिराला त्यानं ते गाणं ऐकवलं. कारागीर हातातला पॉलिशचा बोळा खाली न ठेवता शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, "भोपळा पातळ सालीचा आहे." आमच्या पाचांच्या ऐकण्यात हे यायलाच नको होतं, पण मला विचाराल तर आजवरची सगळ्यांत चांगली दाद ती.

भाचीनं पाठवलेली सेझारिया एव्होरा. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात केप व्हर्द नावाची बेटं आहेत, पूर्वी पोर्तुगीजांच्या ताब्यातली, १९७५ साली स्वतंत्र झालेली. तिथल्या मिंदेलू बंदरातली ही बाई. दारूच्या गुत्त्यांतून गायची, मधली काही वर्षं गाणं पार सोडून घरी बसली, आणि पन्नाशीला पोचल्यावर, १९९२ च्या सुमाराला, जगाला तिची ओळख झाली. रंगमंचावर अनवाणी उभी राहायची. लिस्बनमध्ये त्या बेटांवरून आलेली पुष्कळ माणसं राहतात, भाचीच्या घरमालकीणबाई त्यांतल्याच. त्यांच्या स्वयंपाकघरात हे गाणं लागलं होतं. 'सोदाद' हे त्याचं नाव. मजुरीसाठी दूरच्या साओ तोमे बेटाकडे गेलेल्यांचं गाणं, एवढी लांबची वाट तुला कुणी दाखवली असं विचारणारं. भाचीचं वाक्य होतं, 'मामा, छोट्या गिटारकडे लक्ष दे. ती रडत नाही.'

वहिनीचं माहेर मडगावकडचं. तिनं पोळ्या लाटता लाटता ऐकलं आणि मला फोन केला, "भाऊजी, हा तर आमचा मांडो!" तिच्या लहानपणी शेजारच्या ख्रिस्ती घरात लग्न असलं की संध्याकाळी जोड्या समोरासमोर उभ्या राहून मांडो म्हणायच्या, संथ, हातात पंखा नाहीतर रुमाल, आणि घुमट वाजायचं. मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं. मग चाल वाढायची आणि दुलपद सुरू व्हायचं. केप व्हर्दच्या त्या गाण्याला 'मोर्ना' म्हणतात. मोर्ना आणि मांडो एकच नव्हेत, हे वहिनीलाही कळतं. पण गोव्यावरही १९६१ पर्यंत तेच राज्य होतं, तीच गिटार आणि तेच सूर दोन्ही किनाऱ्यांना लागले. 'सोदाद' म्हणजे मूळ पोर्तुगीज शब्द 'सौदाद', दूर गेलेल्याची ओढ. वहिनी म्हणाली, "आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष आफ्रिकेला नाहीतर बोटीवर असायचे. मांडो म्हणणाऱ्या बायकांना काय वेगळं वाटत असेल?" आमच्या वहिनी एवढं लांब वाक्य एरवी फक्त गॅसच्या सिलिंडरबद्दल बोलतात.

आता एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. एवढा खटाटोप कशाला, अ‍ॅप देतंच की. देतं. स्पॉटिफायवर दर सोमवारी तीस नवी गाणी आयती येतात, २०१५ पासून. आपल्यासारखी गाणी ऐकणारे इतर लोक आणखी काय ऐकतात, त्याच्या याद्या जुळवून ते यंत्र सुचवतं. मीही ऐकतो आणि बऱ्याचदा आवडतात. पण यंत्र माझ्या आवडीवरून माझ्यासाठी काढतं. मोटरवाला मित्र माझा विचारच करत नाही, त्याला काय सापडलं ते तो सांगतो. यंत्रानं मला मोटर ऐकायला लावली नसती. शिवाय सोमवारच्या तिसातलं एखादं अर्धवट सोडलं तर कुणी विचारत नाही.

विचारण्यावरून सांगतो, एकदा मी पकडला गेलो. आठवडा घाईचा होता, दिवाळी अंकांची मुद्रितं अंगावर आलेली. गुरुवार उजाडला आणि माझ्याकडे काहीच नाही. एक चाळीस मिनिटांची मैफल सापडली. पहिली चार मिनिटं ऐकली, छान वाटली, वाक्य ठोकून दिलं, 'षड्जाकडे लक्ष द्या.' षड्जाकडे लक्ष द्या हे कुठल्याही गाण्याबद्दल लिहिता येतं, हे माझ्यासारख्या मुद्रितवाल्याला कळायला हवं होतं. वहिनीकडे त्या दिवशी दीडशे पोळ्यांची ऑर्डर होती. तिनं चाळीसही मिनिटं ऐकली. रात्री फोन आला, "भाऊजी, शेवटी त्यांनी दुसराच राग का घेतला?" मी म्हणालो, बघून सांगतो. ती म्हणाली, "बघून?" आणि पुढं काहीच बोलली नाही. त्या रात्री एक वाजेपर्यंत बसून मी उरलेली छत्तीस मिनिटं ऐकली. राग खरंच बदलला होता. का ते मला अजून कळलेलं नाही.

या गुरुवारी काकांनी गौहर जान या जुन्या गायिकेची तबकडी काढली आहे. १९०२ साली कलकत्त्यात तिचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. गाणं संपता संपता ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या माणसांना लेबलावर नाव कुणाचं घालायचं ते कळायला हवं. काकांना हे इतकं आवडलंय की हल्ली तेही आपल्या प्रत्येक निरोपाच्या शेवटी नाव आणि बिल्ला क्रमांक सांगतात.

वहिनीचं गाणंही माझ्यापर्यंत पोचलंय, दोन दिवस आधीच. पण आज इकडं स्टुडिओत निघताना तिचा फोन आला होता. "भाऊजी, रेडिओवर बाकीचं काय हवं ते सांगा, माझं गाणं तेवढं गुरुवारच्या आत फोडू नका." तेव्हा ते सांगत नाही. नमस्कार.