शेवटची होडी साडेचारची

नमस्कार श्रोतेहो.

आपण कोल्हापूरची माणसं पाण्याला भीत नाही. कुणी पंचगंगेच्या घाटावर, कुणी मळ्यातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेलं असतं. म्हणून आमच्या भिशीतल्या अकरा जणींनी लक्षद्वीपला जहाजानं जायचं ठरवलं, तेव्हा पोहण्याची काळजी कुणालाच नव्हती. घोळ झाला तो वेळेचा. आज त्याबद्दलच बोलायचं आहे, कारण अशा सहलींना जाणारी मंडळी आता आपल्याकडंही वाढली आहेत. एवढे पैसे घालून, मिरजेहून गाडी धरून, कोचीला जहाजावर चढून तिथवर पोचायचं, आणि बेटावरचा दिवस नुसता धावपळीत घालवायचा, हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

लक्षद्वीपची बेटं 36, त्यांतली वस्तीची 10. सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी 32 चौरस किलोमीटर. आम्ही गेलो ती पर्यटन विभागाची ‘समुद्रम’ सहल. तिच्यात रात्री जहाजावर काढायच्या आणि दिवसा एकेका बेटावर उतरायचं: कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. ऐकताना वाटतं, अख्खा दिवस आपलाच आहे. आता हिशेब मांडते.

बेटाभोवती प्रवाळाची भिंत असते आणि तिच्या आत उथळ, निळंहिरवं पाणी. त्याला लगून म्हणतात. मोठं जहाज त्या उथळ पाण्यात शिरू शकत नाही. ते बाहेर थांबतं आणि माणसं लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. आमची पाळी तिसऱ्या होडीची. वाळूला पाय लागले तेव्हा सव्वानऊ वाजले होते. परतीची शेवटची होडी साडेचारची. म्हणजे सव्वासात तास. त्यांतून जेवणाचा एक तास काढा. गॉगल आणि श्वासाची नळी घ्यायच्या रांगेला अर्धा तास, ओले कपडे बदलायला अर्धा, शहाळं पिऊन जरा सावलीत टेकायला अर्धा, होडीपाशी वेळेआधी पोचायला अर्धा. राहिले सव्वाचार तास. एवढाच आपला दिवस.

कल्पेनीला आम्हाला हा हिशेब सुचला नाही. आधी कयाक वल्हवली, मग गावात फिरलो, मग जेवलो. ज्यासाठी गेलो होतो ते, म्हणजे पाण्यात तोंड बुडवून प्रवाळ बघणं, राहिलं अडीच वाजेपर्यंत. तोवर वारा सुटला होता, लाटांनी वाळू ढवळून पाणी गढूळ केलं होतं. जेमतेम दहा मिनिटं मिळाली. माझ्या जाऊबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अगं, धुक्यात बघितल्यागत झालं सगळं.” त्यांचा तो उतरलेला चेहरा माझ्या अजून डोळ्यांपुढं आहे. तीन वर्षं पैसे साठवले होते त्यांनी.

त्या रात्री डेकवर बसून भिशीच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि दुसऱ्या दिवसाची आखणी केली. आखणी उलटी. वर लिहिलं ‘साडेचार, शेवटची होडी’, आणि तिथून मागं येत राहिलो. एका दिवसात पाण्यातलं एक काम आणि जमिनीवरचं एक, बस्स. पाण्यातलं आधी, सकाळी, वारा उठायच्या आत. जमिनीवरचं जेवणानंतर.

सकाळ म्हटलं तरी एक गोष्ट होडीवाल्या दादांना विचारून घ्यायची: आज ओहोटी किती वाजता? आपल्या पंचगंगेला पूर येतो, पण दिवसातून दोनदा पाणी चढणं-उतरणं आपल्या अंगवळणी नाही. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चढ-उतार मोठा असतो. ओहोटीला प्रवाळ अगदी पृष्ठभागाजवळ येतं. गुडघे, पोटऱ्या खरचटतात, आणि प्रवाळाची जखम लवकर भरत नाही. शिवाय आपला पाय पडला की प्रवाळही मोडतं. तो दगड नाही श्रोतेहो, ते जिवंत प्राण्यांचं घर आहे, आणि ते वाढायला वर्षानुवर्षं लागतात. वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण दिलेलं आहे. आठवण म्हणून एक तुकडासुद्धा पिशवीत टाकू नका.

पायांत काय घालायचं? आपली कोल्हापुरी चप्पल जहाजावरच ठेवा. खाऱ्या पाण्यात कातडं फुगतं, शिवण सुटते आणि ओल्या फळीवर ती घसरते. मागं पट्टा असलेले रबरी सँडल घ्या. पोहताना पाठ उघडी ठेवू नका. पाण्यात गार लागतं म्हणून ऊन लागत नाही असं वाटतं, आणि रात्री पाठ भाजून निघते. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घातला की मलमही कमी लागतं. काही सनस्क्रीन मलमांतली रसायनं प्रवाळाला घातक असतात, म्हणून पलाऊ या बेटांच्या देशानं 2020 पासून तसल्या मलमांवर बंदीच घातली आहे.

होडीत उतरण्याबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण आमच्यातल्या एका मावशी त्या पायरीवरच अडल्या होत्या. जहाजाची शिडी आणि होडी यांच्यामध्ये लाट असते. होडी वर येते, खाली जाते. माणूस होडी खाली असताना पाय टाकतो आणि तोल जातो. खलाशी म्हणाला, “होडी वर आली की मी सांगतो, तेव्हाच पाय टाका. हात मनगटापाशी धरा, बोटांना नको.” मावशींनी दोन लाटा जाऊ दिल्या. तिसरीला त्यांनी पाय टाकला आणि पुढच्या क्षणी त्या फळीवर बसलेल्या होत्या. दोन्ही हात मोकळे होते म्हणून जमलं. पिशवी पाठीला लावा, मोबाईल प्लॅस्टिकमध्ये बांधा. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्यांच्यासाठी काचेच्या तळाची होडी असते. मावशींनी तीच घेतली. वाकून बघताना त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

मिनिकॉयला दुपारी आम्ही दीपगृहावर चढलो. 1885 सालचं आहे ते. वरून एका बाजूला लगून दिसतं आणि दुसऱ्या बाजूला काळाशार खोल समुद्र. इथली भाषा महल, बाकीच्या बेटांवर मल्याळम. इथले कोळी कुपा मासा गळानं एकेक करून धरतात. गावातून जाताना अंगभर कपडे घाला, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आपल्या गल्लीत कुणी न विचारता कॅमेरा रोखला तर आपल्याला कसं वाटेल?

परदेशी क्रूझवर जाणाऱ्यांनी घड्याळाकडं जास्त लक्ष द्या. सिंगापूरहून थायलंडच्या फुकेत बेटाला गेलात तर बेटावरचं घड्याळ एक तास मागं असतं, पण जहाजावरचं घड्याळ तसंच ठेवलेलं असू शकतं. परतीची वेळ कुठल्या घड्याळाची, हे उतरायच्या आधी विचारून कागदावर लिहून घ्या. स्वतः टॅक्सी करून फिरायला गेलात आणि उशीर झाला, तर जहाज थांबेल असं धरून चालू नका. आणि स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून खोल बुडी मारणं, केलं असेल तर निदान 18 तास विमानात बसायचं नाही. सहलीच्या शेवटच्या दिवशी स्कूबा आणि संध्याकाळी विमान, अशी आखणी कुणीही करू नये.

लक्षद्वीपला जायला आधी प्रवेश परवाना काढावा लागतो, आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. तेव्हा बेत दिवाळीनंतरचा असेल तर कागदपत्रांना आत्ताच लागा.

मिनिकॉयला आम्ही चारलाच किनाऱ्यावर येऊन बसलो होतो. करायचं काहीच उरलं नव्हतं. जाऊबाईंनी सकाळी पाऊण तास प्रवाळ बघितलं होतं. पोपटासारख्या चोचीचा एक मासा प्रवाळ कुरतडत होता, त्याचा कुडुमकुडुम आवाज पाण्यात ऐकू आला, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. केस अजून ओले होते त्यांचे. होडी आली तेव्हा त्याच सगळ्यांत शेवटी उठल्या.