किती काढायचं, काका?

सकाळचे सात. डायलिसिसची पहिली पाळी. काका चपला काढून वजनकाट्यावर उभे राहतात आणि आकडा स्वतःच वाचतात, "६२.४." त्यांचं ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, ६०.

"मग किती काढायचं, काका?"

"दोन बस्स. मागच्या खेपेला शेवटी पायात गोळे आले."

सिस्टर क्षणभर विचार करतात. "दोनच लावते. मधे बीपी बघू. उरलेलं परवा. पण तोवर पाणी जपून हं."

मशीनवर आकडा चढतो. तो काकांनी सांगितलेला आहे.

किडनी निकामी झाली की बहुतेकांना आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार-चार तास इथे यावं लागतं. मशीनमधून मिनिटाला साधारण अर्धा लिटर रक्त साफ करणारा द्रव वाहतो, म्हणजे एका खेपेला १२० लिटर. आणि त्याच माणसाला घरी पाणी मोजून! चहा, आमटी, ताक, सगळं त्याच मापात. भाचीच्या लग्नाला जायचं तरी आधी डायलिसिसचा वार बघायचा. अशा माणसाला "धीर धरा" म्हणणं सोपं. त्याने त्याच्या हातात काहीच येत नाही.

पलीकडच्या कॉटवर मावशी. हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून शिरेला जोडलेली धमनी, नवा आहे. सिस्टर मावशींचीच दोन बोटं त्या हाताच्या मनगटाजवळ टेकवतात.

"लागतंय?"

"मांजर गुरगुरतंय जणू."

"रोज सकाळी असंच बघायचं. गुरगुर थांबली तर त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. आणि ह्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही. कुणीही असो, सांगायचं."

मावशी हसतात. परवाच रक्त घ्यायला आलेल्या मुलाला त्यांनी दुसरा हात पुढे करायला लावला होता.

स्वीडनमधल्या यॉनशॉपिंगच्या रुग्णालयात २००५ साली एका पेशंटने, माझं डायलिसिस मीच करतो, असं म्हटलं. तिथल्या नर्सने त्याला शिकवलं. मग इतरही शिकू लागले. आपल्याकडे एकेका सिस्टरला एकाच वेळी कितीतरी मशीन सांभाळायची असतात, तेवढी उसंत कुठली! इथलं शिकवणं सुई टोचता टोचताच उरकावं लागतं.

अलार्म वाजतो. नवे पेशंट दचकून बघतात. काका मात्र दुमडलेला हात हळूच सरळ करतात.

"माझाच हात वाकला होता, सिस्टर."

सिस्टर येतात, सुईपाशी एक नजर टाकतात, बटण दाबतात आणि मावशींच्या कॉटकडे वळतात.