ठराव मंजूर झाला, पुढे काय?

मंडळी, सोलापुरात नगरपालिका आली 1852 साली. महानगरपालिका झाली ती 1964 मध्ये. मधल्या शंभराहून अधिक वर्षांतलं लोकांच्या लक्षात काय राहिलं? 1930 साली पालिकेच्या इमारतीवर फडकलेला तिरंगा. राहायलाच हवं. पण त्या काळातही रोज सकाळी गटारी निघत होत्या, दिवे लागत होते, पट्टी वसूल होत होती. आज बोलायचं आहे ते या रोजच्या कामाबद्दल. बार्शी, करमाळा, सांगोला, मंगळवेढा, दुधनी, मैंदर्गी इथून आलेल्या नव्या नगरसेवकांना आणि प्रश्न विचारणाऱ्या नागरिकांना धरूनच बोलतो.

पहिल्या सभेत बहुतेकांचा एक समज असतो की हात वर झाले, ‘सर्वानुमते मंजूर’ असं कामकाजात आलं, की काम मार्गी लागलं. नाही. तिथं काम सुरूसुद्धा झालेलं नसतं.

आपला कायदा 1965 चा, महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून निदान एकदा व्हायला हवी. तिची नोटीस सात पूर्ण दिवस आधी, विशेष सभेची तीन. ‘पूर्ण दिवस’ मोजताना नोटीस काढल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस वगळायचे. इथं एक दिवस चुकला तरी विरोधी गटाला आयतं कोलीत मिळतं. सभेत दुसरी घसरगुंडी म्हणजे ‘आयत्या वेळचे विषय’. ज्या विषयात पैसे आहेत तो आयत्या वेळी कधीही घेऊ नये. कार्यालयाने विषयाची माहिती मांडलेली टिपणी नसते, लेखापालाचा अभिप्राय नसतो, कोणी वाचलेलं नसतं. मग तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि कलम 308 खाली ठराव तहकूब होतो. सहा महिने फाईल तिथं. त्यापेक्षा विषय पुढच्या सभेला रीतसर घेतला असता तर दोन महिन्यांत सुटला असता.

टिपणी चांगली कशी ओळखायची? तिच्यात चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: जागा कोणती आणि कोणाच्या मालकीची, खर्च किती, कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे खर्चाच्या कोणत्या खात्यातून, आणि त्या लेखाशीर्षात आज शिल्लक किती. चौथी गोष्ट सहसा नसते. ‘तरतुदीच्या अधीन राहून मंजूर’ असं लिहून मोकळे होतात. हे वाक्य दिसलं की समजायचं, पैसे नाहीत.

कारण पालिकेच्या खात्यात पैसे असणं आणि तुमच्या कामाला पैसे असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या निधीचं उदाहरण घ्या. त्या निधीतला 60 टक्के भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. त्यातून चौकात कमान होत नाही. दलित वस्तीचा निधी त्या वस्तीतच खर्च करायचा. स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी, 5 टक्के महिला व बालकल्याणासाठी. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली तेव्हापासून सरकारचं सहायक अनुदान येतं, ते बव्हंशी पगारात जातं. उरलं काय तर घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडं. नगरसेवकाच्या मनातली गटार या उरलेल्यात बसवायची असते.

आता गटारीचंच घेऊ. कागद आणि जमीन कुठं जुळत नाही ते इथं नीट दिसतं. समजा 100 मीटर आरसीसी गटार मंजूर झाली. अभियंता अंदाजपत्रक करणार: मोजमापं, जिल्हा दरसूचीतले दर, वर जीएसटी, तपासणीचा खर्च. मग तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, तुलनात्मक तक्ता, कार्यादेश. हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. पण अंदाजपत्रक करण्याआधी लेव्हल घेतली का, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजला का, हे विचारणारा विरळा. 1:200 चा उतार धरला तर 100 मीटरला तळ 50 सेंटिमीटर खाली जायला हवा. शेवटी जो नाला आहे त्याचा तळ जर सुरुवातीच्या तळापेक्षा 30 सेंटिमीटरच खाली असेल, तर कंत्राटदार एक तर गटारीचा उतार कमी करतो किंवा शेवटची काही मीटर उलटी जाते. मग पाणी तुंबतं, गाळ बसतो, क्युलेक्स डास होतात आणि पुढच्या सभेत विषय येतो ‘फॉगिंग मशीन खरेदी’. दोन तास लेव्हल लावली असती तर मशीन लागलं नसतं.

दुसरं, आपल्याकडची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या मातीवर थेट काँक्रीट ओतलं की दुसऱ्या वर्षी गटारीच्या भिंतीला आडवा तडा. काळी माती काढून निदान 15 सेंटिमीटर मुरूम, पाणी मारून धुम्मस केलेला, त्यावर 10 सेंटिमीटर साधं काँक्रीट आणि मग सळया, असं करायला हवं. हे सगळं झाकलं जाणारं काम आहे. म्हणून मोजमाप पुस्तकात, ज्याला सगळे एमबी म्हणतात, खोदाई, मुरूम आणि सळयांची नोंद झाकण्याआधी जागेवर व्हायला हवी. ऑफिसात बसून शेवटी एकदम लिहिलेली एमबी ओळखू येते: सगळी शाई एक, सगळ्या तारखा एका आठवड्यातल्या, खोली सगळीकडे सारखी. खऱ्या जमिनीची खोली कधी सारखी नसते.

तिसरं मार्चअखेरचं. निधी परत जाईल म्हणून काँक्रीट ओतलं जातं 20 मार्चनंतर. एप्रिलमध्ये सोलापूरचं ऊन चाळिशीपार. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट वापरलं असेल तर दहा दिवस सतत ओलं ठेवावं लागतं, पोती भिजवून झाकून. आणि नेमकं तेव्हाच गावात टँकर सुरू असतो. प्यायला पाणी नाही तिथं काँक्रीटला कोण घालणार? वरचा थर भुकटी होऊन निघतो. वाळू खराब होती अशी ओरड होते, वाळू बहुधा ठीकच असते. एम-20 या प्रतीच्या काँक्रीटचे 15 सेंटिमीटरचे ठोकळे 7 आणि 28 दिवसांनी दाबून बघायचे असतात, तो अहवाल बिलाच्या फाईलला लावलेला असावा. बिलातून 1 टक्का बांधकाम कामगार उपकर, आयकर आणि करार अडीच लाखांवर असेल तर 2 टक्के जीएसटी कापला जातो. सुरक्षा अनामत राहते ती दोषदायित्वाची मुदत संपेपर्यंत. ती मुदत कधी संपते हे वॉर्डातल्या माणसांना माहीत असलं पाहिजे, तडा त्याआधी दाखवला तर दुरुस्ती फुकट होते.

गटारीवरून पाण्याकडे. आपल्या बहुतेक गावांना पाणी दोन-तीन दिवसांआड येतं. पाणी बंद झालं की जलवाहिनी रिकामी होते आणि आत निर्वात पोकळी तयार होते. घराचा नळजोड जर गटारीतून गेला असेल आणि सांधा गळका असेल, तर गटारीचं पाणी आत ओढलं जातं. कोणी थेट जोडाला मोटर लावली की आणखी जोरात. म्हणून पहिली दहा मिनिटं पाणी पिवळट येतं. यावर उपाय जास्त ब्लीचिंग हा नाही. जोड गटारीच्या वरून किंवा बाहेरच्या पाईपमधून नेणं हा आहे. नवी गटार बांधताना अंदाजपत्रकातच ‘नळजोड स्थलांतर’ ही बाब धरली नाही तर कंत्राटदार जुना जोड भिंतीत तसाच गाडतो.

ब्लीचिंगचा हिशेबही बघून ठेवा. पाच लाख लिटरच्या टाकीला लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर 1 किलो क्लोरीन लागतं. ताजी पावडर 33 टक्क्यांची असेल तर 3 किलो. पत्र्याच्या गोदामात उन्हाळाभर पडून ती 20 टक्क्यांवर आली असेल तर 5 किलो. वही मात्र वर्षभर ‘3 किलो’च सांगते. निदान अर्धा तास पाणी टाकीत थांबू द्यायचं आणि तपासणी टाकीवर नाही, वाहिनीच्या शेवटच्या नळावर करायची. तिथं ओटी चाचणीत, म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरीन दाखवणाऱ्या चाचणीत, लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम दिसलं पाहिजे.

राहिली पट्टी. घराचं महिन्याचं अपेक्षित भाडं 2,000 रुपये धरा. वर्षाचं 24,000, त्यातून दुरुस्तीचे 10 टक्के वजा, करयोग्य मूल्य 21,600. हिशेबासाठी दर 24 टक्के घेऊ, म्हणजे कर 5,184. थकला की दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, वर्षाला सव्वाबाराशेच्या घरात. लोक चिडतात ते कराच्या आकड्यावर कमी आणि बिल डिसेंबरात हातात पडून त्यात शास्ती दिसते यावर जास्त. चिडणं रास्त आहे. दर चार वर्षांनी होणाऱ्या चतुर्थ वार्षिक आकारणीत नवे मजले नोंदले जात नाहीत, जुन्या वाड्यावर मात्र आकडा वाढतो, तेव्हा हरकत घ्यायची ती मुदतीतच. हरकतीला नमुना नंबर 43 चा, म्हणजे कर आकारणीचा उतारा जोडा, भाडं आणि बांधकामाचं वर्ष चुकलं असेल तर तेवढंच मुद्देसूद लिहा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.