दुर्गीचं थायरॉईड आणि माझे सात पौंड

नमस्कार मंडळी, चहा घेतलाय ना हातात? मागच्या आठवड्यात दोन-तीन मेसेज आले, सगळ्यांचं एकच, आमची मांजर आता नऊ-दहा वर्षांची झाली, इन्शुरन्सचा हप्ता वाढलाय, कंपनी बदलू का. उत्तर आधीच देऊन टाकते, कुणाची पोळी तव्यावर असेल तर उगाच करपायला नको: म्हाताऱ्या मांजराची चालू पॉलिसी घाईघाईत बंद करायची नाही. परत सांगते, चालू पॉलिसी घाईघाईत बंद करायची नाही. आता हे का, तर त्यासाठी आमच्या दुर्गीची गोष्ट ऐकावी लागेल, ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी तेवढ्यात भांडी आवरून घ्या.

दुर्गीचं खरं नाव डोरिस. रेस्क्यू सेंटरमधून आणली तेव्हाच ते नाव घेऊन आली होती, कातडीखालच्या ओळखीच्या चिपच्या रेकॉर्डवर पण तेच. मग आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगलीहून सहा महिन्यांच्या व्हिसावर इकडे इंग्लंडात मिल्टन कीन्सला आल्या आणि पहिल्याच दिवशी म्हणाल्या, डोरिस काय गं, मांजराला कुणी डोरिस म्हणतं का, दुर्गी म्हणायचं. आणि आम्ही चार वर्षं डोरिस डोरिस करत होतो तेव्हा कानसुद्धा न हलवणारी ही बया, दुर्गे अशी हाक आली की शेपटी वर करून हजर. आता हाकेबरोबर उकडलेल्या चिकनचा तुकडा असायचा हे खरं, पण तरी.

तर आईंच्या एक दिवस लक्षात आलं. म्हणाल्या, अगं ही खाते किती, आणि अंगाला काहीच लागत नाही, पाठीवरून हात फिरवला की मणके लागतात. मी म्हटलं, वय झालं आई तिचं, दहा वर्षांची आहे. तर म्हणतात, वय माझंही झालंय, मी वाळले का?

त्याच आठवड्यात दुर्गीची नखं कापायची अपॉइंटमेंट होती, आई पण आल्या बरोबर. तिथे रिसेप्शनवर हाक मारली, डोरिसची ममी कोण? आईंनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. (मला हे ममी प्रकरण अजिबात आवडत नाही, मी तिची आई नाही, मी तिची कामवाली आहे, असो.) आत गेल्यावर आईंनी व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, मराठीत सगळं सांगितलं, भूक वाढलीय, पाणी जास्त पिते, हाडं लागतात, आणि मी, मंडळी, मी शहाणी, एकेक वाक्य इंग्लिश करून त्या बिचाऱ्या मुलीला दिलं आणि तिने ते टाईप केलं. वजन केलं तर ४.२ वरून ३.८ किलो. ती म्हणाली ब्लड टेस्ट करून घ्या, मी म्हटलं करू की पुढच्या महिन्यात.

पुढच्या महिन्यात काय आलं, तर रिन्यूअलचं पत्र. १९ पौंडांवरून २६. डोकंच फिरलं. बसले एका रात्री त्या किमती तुलना करणाऱ्या साईटवर, सगळ्यात स्वस्त दिसेल ते वर दाखवतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की अशा साईटवर रात्री दहानंतर कुणी जाऊच नये, तर तिथे १९ ला पॉलिसी मिळाली. प्रश्न होता मांजराला काही आजार आहे का. मी टिक केलं, नाही. कारण आजार आहे असं कुणी म्हटलंच नव्हतं ना! महिन्याला सात पौंड वाचवले, वर्षाचे ८४, आणि नवऱ्याला ते तीनदा सांगितलं.

दोन महिन्यांनी दुर्गी रात्री तीनला उठून जिन्यात उभी राहून ओरडायला लागली. टेस्ट केली, थायरॉईड वाढलेलं. आईंना हे कळल्यावर त्या आत गेल्या आणि स्वतःची थायरॉईडची डबी घेऊन आल्या, अर्धी देऊया का तिला म्हणून! नाही नाही नाही, आणि तुम्हीही कुणी असलं करू नका, माणसांत बहुतेकांचं ते कमी पडतं म्हणून गोळी असते, मांजरात ते जास्त होतं, म्हणजे नेमकं उलटं, आपली गोळी दिली तर आगीत तेल.

मी आपली निवांत, इन्शुरन्स आहे म्हणून. क्लेम टाकला. कंपनीने व्हेटकडून डोरिसची सगळी जुनी हिस्ट्री मागवली, अगदी नखं कापल्याची सुद्धा, आणि पत्र आलं की लक्षणं पॉलिसी सुरू व्हायच्या आधीची आहेत, क्लेम नामंजूर. बरोबर तारखेसकट. भूक वाढली, वजन कमी, तहान जास्त. माझंच भाषांतर! चाळीस मिनिटं फोन धरून तेच ते पियानो ऐकलं, तक्रार केली, त्यांचं उत्तर तेच. पुढे ओम्बड्समनकडे, म्हणजे कंपनीविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या तटस्थ माणसांकडे, फुकट जाता येतं, पण गेले नाही, कारण लिहिलेलं खरंच होतं हो. जुन्या कंपनीला विचारलं, म्हणाले या ना, पण नवीन ग्राहक म्हणून, थायरॉईड सोडून. वाचवले ८४, आणि पहिल्या वर्षात गेले हजाराच्या वर.

वेळ बराच गेला, आता पटापट.

इकडे यूकेत पॉलिसी साधारण चार जातीच्या. फक्त अपघाताची. बारा महिन्यांची, म्हणजे एखाद्या आजाराला वर्षभर पैसे, मग तो आजार बाद. तिसरी, आजारामागे ठराविक रक्कम, संपली की संपली. आणि लाइफटाइम, जिची मर्यादा दर रिन्यूअलला पुन्हा भरते. म्हाताऱ्या मांजरांचे आजार कसले, तर किडनी, थायरॉईड, डायबेटीस, सांधे, बीपी, सगळे वर्षानुवर्षं चालणारे. म्हणून परवडत असेल तर लाइफटाइम, आणि मांजर तरुण, धडधाकट असताना घ्यायची. लाइफटाइम नाव असलं तरी दरवर्षी रिन्यू करावी लागते, मध्ये खंड पडला की जुने आजार सगळे आधीचे धरतात. आधीचे, म्हणजे नुसते आपल्याला माहीत असलेले नव्हे, व्हेटच्या कॉम्प्युटरमध्ये लिहिलेले सुद्धा. हे परत सांगते, व्हेटच्या कॉम्प्युटरमध्ये लिहिलेले सुद्धा. बदलायचंच असेल तर आधी व्हेटकडून ती हिस्ट्री मागून घ्या, वाचा, आणि नवीन कंपनीला सगळं सांगून काय वगळणार ते लेखी घ्या. काही कंपन्या दोन वर्षं लक्षण दिसलं नाही तर जुना आजार सोडून देतात, तेही विचारा.

वय वाढलं की एक्सेसच्या, म्हणजे क्लेममधल्या आपण भरायच्या ठरलेल्या रकमेच्या, वर बिलाचा काही टक्का पण आपल्यावर येतो, बऱ्याच ठिकाणी २० टक्के, आठव्या-दहाव्या वर्षापासून. हप्ता झेपत नसेल तर पॉलिसी तोडण्याआधी फोन करा, एक्सेस वाढवून हप्ता किती उतरतो बघा. दातांचं कव्हर असेल तर वर्षाची तपासणी चुकवू नका. आणि कुणी बेनिफिटवर असाल तर पीडीएसए या प्राण्यांसाठीच्या धर्मादाय संस्थेचे दवाखाने आहेत, १९१७ पासून हेच काम करतात, लाजू नका. अरे हो, इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून मांजराला चिप सक्तीची आहे, नाहीतर ५०० पौंडांपर्यंत दंड. आमच्या गल्लीत एक बोका चार घरी जेवतो, चार नावांनी, त्याची चिप कुणाच्या नावावर आहे हे मला खरंच बघायचंय.

दुर्गीला आता कानाला लावायचं मलम आहे, गोळी ती थुंकायची. रेडिओअॅक्टिव्ह आयोडीनने कायमचं बरं होतं बहुतेकांचं, पण त्याचा खर्च ऐकून मी खाली बसले. आई सांगलीला परत गेल्यात, दर रविवारी फोन करतात, मुलाची चौकशी नंतर, आधी दुर्गीचं वजन. या रविवारी ४.१ सांगितलं. तर म्हणाल्या, बरं झालं, पण ते डॉक्टरला सांगायची काही गरज नाही हं.