माझंच चुकलं असेल

वहीच्या पानाला भोक पडलंय. चौथीतल्या मुलाची गणिताची वही. उत्तर बरोबर होतं. तरी त्यानं खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. बाई म्हणाल्या, "अरे, बरोबर होतं की!" तो म्हणाला, "सॉरी बाई."

घरात पट्टा महिन्यातून एखाद्या वेळी निघतो. शब्द मात्र रोज. 'ठोंब्या.' 'तुझ्यानं काही व्हायचं नाही.' पाहुणे आले की हेच हसत हसत. वर, 'आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो.'

हे एका घरापुरतं नाही. केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयानं २००७ साली एक अहवाल काढला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून. तिघांतल्या दोघांनी मार सोसला होता. दर दुसऱ्या मुलाचा मानसिक छळ झाला होता, आणि त्यातल्या ८३ टक्के प्रकरणांत छळणारे होते आईवडीलच.

रागावणं म्हणजे छळ नव्हे. "दूध सांडलंस, फडकं घेऊन ये" यात मूल चुकतं आणि सुटतं. "तू आहेसच वेंधळा" यातून सुटका नाही. सांडलेलं दूध पुसता येतं, 'वेंधळा' कशानं पुसायचं?

मग मुलाला राग का येत नाही? येतो, पण तो ठेवायचा कुठे? मारणारा हात आणि घास भरवणारा हात एकच. बाबा वाईट आहेत असं मानलं, तर रात्री झोपायचं कुणाच्या भरवशावर? त्यापेक्षा मीच वाईट, हे परवडतं. कारण मग मी सुधारलो की सगळं थांबेल, एवढी आशा तरी उरते. एडिनबरोचे मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबर्न यांनी १९४३ मध्येच हे मांडलं होतं. छळ झालेली मुलं आईबापांना वाईट म्हणायला तयार होत नाहीत, स्वतःला मात्र चटकन म्हणतात.

ही समजूत मुलाबरोबर मोठी होते. बढती मिळाली, तर 'चुकून मिळाली असेल.' लोकलमध्ये दुसऱ्यानं पायावर पाय दिला, तरी सॉरी हाच म्हणणार.

शाळेत हात उगारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मनाई केली. घरातल्या क्रूरतेसाठी बालन्याय कायद्याचं कलम ७५ आहे, आणि त्यातून पालक सुटत नाहीत. १०९८ हा मदतीचा नंबरही आहे. पण फोन करायला आधी वाटावं लागतं, की चूक आपली नाही. नऊ वर्षांच्या मुलाला ते वाटत नाही. म्हणून फोन शेजाऱ्यानं करायचा, मावशीनं करायचा, बाईंनी करायचा.

बाईंनी पान उलटलं. खोडरबर उचलून स्वतःच्या टेबलावर ठेवला आणि त्याच्या हातात पेन दिलं.

"चुकलं तर?"

"काट मार. पुढे लिही."

त्यानं बराच वेळ पेन धरून ठेवलं. मग आकडा काढला, मुंगीएवढा.